धुराचा रंग सांग, रत्ना

कापूरहोळच्या चौकात, भोरकडे रस्ता वळतो तिथं, ढाब्यांच्या रांगेला लागून सोपान रणपिसेचं पत्र्याचं गॅरेज होतं. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं आणि चार्जर मिळतात. पण अजूनही एखादं जुनं गिऱ्हाईक धूर ओकणारी मोटारसायकल घेऊन येतं, इकडंतिकडं बघतं आणि शेजारच्या पंक्चरवाल्या मानसिंगला विचारतं, "सोपाननाना कुठं गेले?"

सोपानची गाडी तपासायची एक रीत होती. गाडी आली की तो आधी पान्याला हात लावत नसे. गिऱ्हाइकाला गाडीवरच बसायला सांगायचा, रेसची मूठ पिळायला लावायचा आणि स्वतः मागं जाऊन सायलेन्सरपाशी वाकून उभा राहायचा. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, मान थोडी कलती. धूर उजेडाकडं जाताना बघायचा. मग सरळ होऊन सांगायचा, हे उघडावं लागेल किंवा हे नुसतं साफ केलं तरी भागेल. आयुष्यभर त्यानं हेच काम केलं. त्यातूनच भोंगवलीत दोन खोल्यांचं घर बांधलं, गायत्रीला बारावीपर्यंत शिकवलं आणि विंझरच्या अभिषेकशी तिचं लग्न लावून दिलं. बायको रत्ना गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. सकाळी दोघं एकदमच घराबाहेर पडायची.

डोळ्यांचं पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं ते धुरावरूनच. सगळ्याच गाड्यांचा धूर त्याला एकसारखा, राखाडी दिसायला लागला. त्याला वाटलं चष्मा बदलायला झाला असेल. बदलला. फरक पडला नाही. मग बाजूनं येणारी माणसं एकदम समोर उगवल्यासारखी वाटू लागली. एकदा संध्याकाळी घरी येताना किकवीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. खांदा घासून तो पडला, जिवावरचं खरचटण्यावर निभावलं. पण घरी आल्यावर त्यानं आपली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल घरामागच्या छपरात ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीनं जायला लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कंबर दुखतीया."

रत्नालाही तो तेच सांगत होता.

गॅरेज बंद झालं ते केशवच्या गाडीमुळं. केशव दूध घालायचा. सोपाननं त्याच्या मागच्या ब्रेकचं काम केलं आणि रॉडची पिन बसवायची राहिली. ती त्याच्या पायाशीच पडलेली होती, त्याला दिसली नाही. उतारावर ब्रेक लागेना. केशव दुधाच्या किटल्यांसकट आडवा झाला आणि त्याचं गळ्याचं हाड मोडलं. सोपान त्याला बघायला भोरच्या दवाखान्यात गेला. केशव म्हणाला, "होतं असं, नाना. मनाला लावून घेऊ नका." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सोपानला बरं वाटलं असतं. तो तसाच परत आला, गॅरेजचं शटर ओढलं आणि किल्ली मानसिंगच्या हातात दिली. त्या दिवशी घरी येऊन त्यानं रत्नाला पहिल्यांदा खरं सांगितलं. "मला दिसंना झालंय गं."

रत्ना त्याला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिथं त्याला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. समोर बारीक दिवे लागतात, दिसला दिवा की बटण दाबायचं. सोपान आत दिवे शोधत होता तेव्हा डॉक्टरांनी रत्नाला बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, दिवसभराच्या कामानं दमलेले दिसत होते, पण सावकाश बोलले. काचबिंदू आहे, म्हणाले. एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याची नस बरीच वाळलीय, नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसतंय. गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशननं डोळ्यातला दाब उतरवता येतो, पण यांच्या बाबतीत आता त्यानंही फार हाती लागणार नाही. थेंब घालत राहा. उरलंय ते टिकेल तेवढं टिकेल.

रत्ना बाहेर येऊन बाकावर बसली. थोड्या वेळानं सोपान भिंतीला हात लावत आला आणि तिच्याकडं तोंड करून म्हणाला, "लई दिवे गावले मला. काय म्हनले डॉक्टर?"

त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिच्या तोंडून आलं, "आदी थेंबानं प्रेशर उतरू द्या म्हनले. मग आप्रेशनचं बघू."

घरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं होतं. घरी पोचल्या पोचल्या विंझरहून फोन आला, गायत्रीला दिवस गेले होते. त्या आनंदात कुठं सांगायचं? मग गायत्रीचं बाळंतपण आलं, मग शेफालीचं बारसं. सांगायचा दिवस पुढं पुढं जात राहिला आणि तोवर सोपाननं त्या ऑपरेशनभोवती आपलं सगळं पुढचं आयुष्य मांडून ठेवलं. थेंब तो स्वतः आठवणीनं मागून घ्यायचा. विहाराच्या पायरीवर बसला की गावकऱ्यांना सांगायचा, "प्रेशर उतरलं की आप्रेशन. मग शटर उघडतो परत."

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेतून रत्ना घरी आली तर छपरात ताडपत्री खाली पडलेली आणि सोपान मोटारसायकलीवर हात फिरवत उभा.

"हिला चालू करू या," तो म्हणाला. "उभी ठिवली की गाडी आतनं खराब होती. आप्रेशन झाल्यावर मग आयत्या वक्ती कुठं धावायचं?"

रत्नानं ताडपत्री उचलून घडी घातली. "करा," म्हणाली.

सोपानचे हात अजून पहिल्यासारखेच होते. टाकीतलं जुनं पेट्रोल त्यानं वासावरूनच ओळखलं, वार्निशसारखा वास मारत होतं. ते काढून टाकलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस आणि वाळलं गवत भरून घर केलं होतं, ते मुठीमुठीनं उपसलं. कार्बोरेटर उघडून बारीक भोकं तोंडानं फुंकून बघितली. ऑइल बदललं, प्लग काढून त्या भोकात ऑइलचे चार थेंब सोडले आणि किक हातानं सावकाश दाबली, आत काही धरलंय का ते बघायला. नाही धरलं. त्याचा चेहरा उजळला.

मानसिंगनं कापूरहोळहून ताजं पेट्रोल आणून दिलं. आता गाडी सुरू करायची होती आणि त्यासाठी डोळे लागणार होते.

"तू मागं उभी ऱ्हा," त्यानं रत्नाला सांगितलं. "धुराचा रंग सांग. जसा दिसंल तसा."

किती तरी किका मारल्यावर गाडी फुरफुरली आणि सुरू झाली. सगळं परस धुरानं भरलं.

"पांढरा हाय," रत्ना ओरडून म्हणाली.

"कसा पांढरा? पांढऱ्यात बी लई तऱ्हा हायती."

रत्नानं आणखी जवळ जाऊन बघितलं. "भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येती तशी वाफ. सायलेन्सरातनं पानी बी गळतंय."

"रेंगाळतीया का इरतीया?"

"इरतीया. आता कमी झाली."

"मग भ्यायचं न्हाई," तो समाधानानं म्हणाला. "आत वल साचली व्हती. गरम झाली की निघून जाती."

दुसऱ्या दिवशी वाफ नव्हती, पण धूर काळा होता. "स्टो भडकल्यावानी," रत्ना म्हणाली. त्यानं तिला सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवायला लावलं. बोटाला काजळी लागली, कोरडी. "पेट्रोल जादा जातंय," तो म्हणाला आणि कार्बोरेटर पुन्हा उघडून बसला. फ्लोटची सुई अडकत होती. ती घासून नीट केली, तसा काळा धूर गेला.

आणि मग निळा आला.

"हा कसला बरं," रत्ना म्हणाली. "तव्यात तेल टाकलं आन इसरलं की उठतो न्हवं, त्यो. निळा-निळा."

सोपाननं मूठ सैल सोडली. म्हणाला, "नीट बघ. सारखा येतोय का मूठ पिळल्यावर?"

"थोडा वेळ तशीच ठिवली आन मग पिळली की भपकन येतो. मंग कमी व्हतो."

"सील," तो म्हणाला. "व्हॉल्व्हवरचं रबर. उभ्या गाडीत कडक होतं, मग ऑइल खाली झिरपतं. एवढंच आसंल तर लई मोठं काम न्हाई."

इंजिनाचं डोकं उतरवायचं काम त्यानं अंगणात पोतं अंथरून केलं, भर दुपारी, ऊन चांगलं असताना. उरलेल्या नजरेच्या नळीत एका वेळी एक बोल्ट मावत होता. रत्ना शेजारी वाटी घेऊन बसायची आणि तो काढेल ती बारीक वस्तू वाटीत टाकायची. एकदा व्हॉल्व्हचं इवलंसं लॉक उडून धुण्याच्या दगडाखाली गेलं. दोघंही गुडघ्यांवर बसून मातीत बोटं फिरवत शोधत राहिली. सापडलं तेव्हा रत्ना इतकी हसली की कुंपणापलीकडून फुलाबाईनं विचारलं, "काय गावलं गं? सोनं का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं काम रत्नानं असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. तो सांगायचा, ती ऐकायची. हात चालू असताना तो पुढचंही बोलायचा. "आप्रेशन झालं की पयल्यांदा विंझरला जाऊ. एसटीनं न्हाई, हिच्यावरनं. चेलाडीवरनं वळायचं. तू मागं बस. शेफालीला पुढं टाकीवर बसवतो आन गावातनं एक फेरी मारून आनतो."

"व्हय," रत्ना म्हणायची.

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडीला फोडणी देताना ती रडायची. बरोबरीच्या बायकांना सांगायची, मिरची झोंबली.

सील बसले, डोकं परत चढलं. रविवारी दुपारी त्यानं गाडी सुरू केली आणि गरम होऊ दिली. रत्ना मागं उभी होती. सोपाननं मूठ पिळली आणि तशीच धरून ठेवली. निळा धूर आला. या वेळी भपकन येऊन गेला नाही, येतच राहिला, मूठ पिळलेली असेपर्यंत, दाट. रत्नाला इतक्या दिवसांत एवढं कळायला लागलं होतं की हे सीलचं नाही. आता तो आणखी आत उघडणार. आणखी महिनाभर पोतं अंथरून बसणार, आणखी महिनाभर टाकीवर शेफालीला बसवणार.

"रत्ना? काय दिसतंय?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "साफ हाय. धूरच न्हाई."

सोपाननं मूठ सोडली. गाडी थोडा वेळ तशीच चालू ठेवली, मग बंद केली. "बरं झालं," म्हणाला आणि आत जाऊन हात धुतले.

मूठ पिळताना त्याचा उजवा हात हँडलवर होता. डावा हात मागं वळवून त्यानं सायलेन्सरच्या तोंडापुढं धरला होता. धूर एकसारखा दिसायला लागल्यापासून गॅरेजात लागलेली ही सवय. रत्नाला तिचा अर्थ ठाऊक नव्हता. हात धुण्याआधी त्यानं तळव्यावरून अंगठा फिरवला. तळवा तेलकट झाला होता.

सोमवारी रत्ना शाळेतून आली तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता.

"रत्ना, तेल जळतंय."

ती जागच्या जागी थांबली.

"काल तू साफ म्हनलीस. माझ्या हाताला तेल लागलं."

"मला दिसलं नसंल."

"तुला दिसलं. तुझा आवाज बदलला." तो रागावलेला नव्हता. "पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात. बॅरल उतरवावा लागंल. ते मी करतो, त्याचं काय न्हाई. पर तू खोटं का बोललीस?"

"कटाळले मी."

"कटाळलीस तर कटाळले म्हन. धूर न्हाई कशाला म्हनायचं? मानसाला रंग चुकीचा सांगितला तर तो चुकीचं उघडत बसतो. मी आता तुझ्याच डोळ्यानं बघतोय न्हवं?"

रत्नानं हातातला खिचडीचा डबा खाली ठेवला. ती भिंतीला टेकून बसली.

"नका करू ती गाडी," ती म्हणाली.

"का?"

"तुमाला चालवायची न्हाई ती."

"आत्ता न्हाई. आप्रेशन झाल्यावर..."

"न्हाई आप्रेशन."

पलीकडं फुलाबाईच्या दारात कोंबड्या कलकलत होत्या.

"डॉक्टर काय म्हनला ते सांग," सोपान म्हणाला. "तुझं न्हाई. त्याच्या तोंडचं."

तिनं सांगितलं. नस वाळलीय. गेलेली नजर परत येत नाही. एक डोळा गेलाय, दुसराही जाणार. थेंब फक्त थोपवायला. काही राखून ठेवलं नाही.

"किती दिस ऱ्हाईल म्हनला?"

"ते म्या इचारलं न्हाई. भ्याले."

"तुला कवापास्नं ठाव हाय?"

"त्याच दिवसापास्नं."

तो मनाशी काहीतरी जुळवत होता. "म्हंजी शेफालीच्या बारशाला... तू पाळन्याची गानी म्हनत व्हतीस. तवा बी?"

"व्हय."

"आन मी समद्यास्नी सांगत फिरत व्हतो, आप्रेशन हाय म्हनून. विहारात बसून. तू ऐकत व्हतीस."

"व्हय."

तो उठला, भिंतीला हात लावत छपरात गेला. थोड्या वेळानं किका मारल्याचा आवाज यायला लागला. एकामागून एक. पेट्रोलचा कॉक बंदच होता, गाडी सुरू होण्यासारखी नव्हतीच आणि त्याला ते माहीत होतं. तरी तो मारत राहिला. फुलाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि रत्नाकडं बघून काही न विचारता परत गेली. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. रत्ना जाऊन बघते तर तो गाडीला पाठ लावून जमिनीवर बसला होता, तोंड शर्टाच्या बाहीत घालून. ती जवळ गेली तर त्यानं हातानंच तिला मागं सारलं.

चार-पाच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा. थेंब घालायला बोलावलं तर मान वर करायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही. रत्नाला वाटलं, नजर जायच्या आधीच हा माणूस आपल्याला सोडून गेला. तिनं माफी मागितली नाही. मागून काय सांगणार होती, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

मग एका सकाळी तो म्हणाला, "मानसिंगला फोन लाव."

मानसिंग टेम्पो घेऊन आला. त्यानं गाडी सुरू करून बघितली, मागं जाऊन वाकला आणि म्हणाला, "नाना, दोन दिवसांचं काम हाय. रिंगा टाकू. माल मी आणतो, तुमी हितं बसून सांगा."

"न्हाई. तू तुझ्याकडं ने आन टाक," सोपान म्हणाला. "धूर थांबल्याशिवाय कुनाला देऊ नगं. थांबला की दे. ज्याला गरज आसंल त्याला."

"तुमाला नगं का?"

"मला काय करायचीय?"

गाडी टेम्पोत चढवताना त्यानं मागून हात लावला. टेम्पोचं फाळकं लावल्याचा आवाज आला आणि तो आत वळला. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंतही थांबला नाही. आत येऊन म्हणाला, "रत्ना, सुट्टी काढ. विंझरला जाऊन येऊ."

विंझरला गायत्रीला रत्नानं फोनवरच सगळं सांगून ठेवलं होतं. गायत्रीनं दारातच वडिलांना मिठी मारली आणि तिला रडू आवरेना. सोपान तिच्या पाठीवर थापटत राहिला. मग म्हणाला, "पोरीला हिकडं आन. उनात बसव. आत मला कळायचं न्हाई."

अभिषेकनं ओट्यावर चटई टाकली. शेफाली नुकती आधार न घेता बसायला शिकली होती. सोपान तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि तिचा चेहरा बघायला लागला. सगळा एकदम मावत नव्हता. आधी एक डोळा. मग मान किंचित हलवून दुसरा. मग नाक, मग लाळेनं ओली झालेली हनुवटी. पोर थांबत नव्हती, सारखी मान वळवायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

"भुवया तुझ्या हायत्या," तो गायत्रीला म्हणाला.

"नाक अभिषेकच्या आईचं म्हणतात, आबा."

"ते मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "त्यांना म्या नीट बघितलंच न्हाई कधी. लग्नात गडबडीत व्हतो."

शेफालीच्या अंगावरचं ऊन सरकून पायाशी गेलं तरी तो हलला नाही. रत्ना आतल्या खोलीतून बघत होती. बाहेर यायचं तिला धाडस झालं नाही. आपण ते सगळे महिने खाल्ले, असं तिला वाटत राहिलं. सांगितलं असतं तर हा बारशालाच असा बसला असता, तेव्हा याला जास्त दिसत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. त्यानंही नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी निम्मी रिकामी होती. रत्ना नेहमीप्रमाणं त्याला खिडकीकडं सारायला लागली.

"तू बस खिडकीला," तो म्हणाला.

ती बसली. गाडी विंझरच्या बाहेर पडली. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. सोपान तिच्याकडं वळून बसला, अगदी जवळ, आणि बघायला लागला. कपाळ, मग कानामागं गेलेली पांढरी बट, मग डोळ्याखालची सुरकुती. गचका बसला की नजर सुटायची. तो पुन्हा शोधायचा.

"अवो, सरळ बसा की," ती हळूच म्हणाली. "लोक बघत्यात."

"बघू दे."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. त्यानं तिची हनुवटी धरून परत आपल्याकडं केली. ती रडत होती. त्यानं ते पाहिलं आणि बघणं थांबवलं नाही.